'मनाचे खेळ' म्हणणाऱ्या निनावी वाचकांना उत्तर

निनावी,

अपघातात डोक्याला मार लागल्यावर पुरुषांची लैंगिक इच्छा जाऊ शकते, हे मी माझ्या नवऱ्याच्या अनुभवावरून एका लेखात लिहिलं. त्याखाली तुम्ही लिहिलंय, "बाई, मार डोक्याला लागतो, कमरेखाली नाही. हे सगळे मनाचे खेळ. घरातल्या गोष्टी चव्हाट्यावर मांडून लोकांना लॅबच्या दारात उभं करू नका." पुढे अश्वगंधा, 'बहुतेक जण आपोआप बरे होतात' आणि लेखाची भाषा जड आहे, असंही आहे.

भाषा जड झाली, मान्य. पण 'चव्हाटा'? लेख टाकण्याआधी माझ्या नवऱ्याने तो वाचला, दाढीबद्दलचं वाक्य त्यानेच घातलं. स्वतःचं नाव लपवून दुसऱ्याच्या संसारावर बोलताना तुम्ही कुणाला विचारलंत? मत पटलं नाही तर तसं लिहा. 'बाई' म्हणून दटावायचा अधिकार तुम्हाला कुणी दिला?

आता 'मनाचे खेळ'. बाईकवरून पडल्यावर टाके निघाले, सीटी स्कॅन नॉर्मल आला, नवरा कामावर जायला लागला. पण इच्छा पार गेली. दुपारी अंथरुणातून उठवेना. रोज दाढी करावी लागायची, ती आठवडा झाला तरी वाढेना. ज्यांनी डिस्चार्ज दिला त्या डॉक्टरांनीही 'टेन्शन घेऊ नका' म्हणून वाटेला लावलं, आणि तो बिचारा स्वतःलाच दोष देत बसला. तुमच्या त्या एका वाक्याने माणसं अशीच गप्प बसतात, म्हणून मला ते झोंबलं.

पुढे एका एंडोक्रायनॉलॉजिस्टने, म्हणजे संप्रेरकांच्या (हार्मोन्सच्या) डॉक्टरने, सकाळी आठला उपाशीपोटी रक्त काढायला लावलं. टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी संप्रेरक कमी, वृषणांना ते बनवायचा हुकूम देणारं एलएच कमी, शरीराला ताण झेलायला लागणारं कॉर्टिसॉलही कमी. बिघाड वृषणांत असता तर एलएच वाढलेलं दिसलं असतं. इथे वरूनच हुकूम सुटत नव्हता. तो सुटतो पिट्युटरीतून. मेंदूच्या तळाशी, हाडाच्या खोबणीत, नाजूक देठाला धरून असलेली वाटाण्याएवढी ग्रंथी. डोक्याला जोराचा हिसका बसला की तो देठ आणि त्यातल्या बारीक रक्तवाहिन्या दुखावू शकतात. वैद्यकात याची नोंद 1918 पासून आहे. 2007 साली 'जामा' या नियतकालिकात आलेल्या आढाव्यात, मेंदूला इजा झालेल्या तपासलेल्या रुग्णांपैकी सुमारे 27.5 टक्के जणांत पिट्युटरीचा कुठला ना कुठला बिघाड निघाला. एवढ्या माणसांना मनाचा खेळ सांगून घरी पाठवायचं का?

नैराश्याने आणि फिटच्या काही गोळ्यांनीही इच्छा कमी होते, हे लेखात होतंच. तुम्ही तिथपर्यंत पोचला नसाल.

आपोआप बरं होण्याबद्दल: पहिल्या काही महिन्यांत कित्येकांची पातळी परत येते, म्हणूनच डॉक्टर काही महिन्यांनी पुन्हा तपासतात. अश्वगंधा ज्याला घ्यायची त्याने घ्यावी, पण कॉर्टिसॉल कमी असेल तर आधी ते भरून काढावं लागतं, तिथला उशीर जिवावर बेततो. आणि कुणी परस्पर टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शनं सुरू केली तर शुक्राणू बनणं थांबू शकतं. मूल हवं असणाऱ्यांना वेगळे उपचार असतात.

तुमची प्रतिक्रिया मी काढणार नाही. पुन्हा लिहाल तेव्हा रिपोर्टबद्दल लिहा, माझ्या घराबद्दल नको.