लेथच्या बेडवर जळकं ऑइल ओतू नका

बेळगावच्या उद्यमबाग, मच्छे भागातल्या वर्कशॉपवाल्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांत सध्या एक मेसेज फिरतोय: ‘स्लाइडवे ऑइल ही कंपन्यांची लूट आहे. बेडवर जळकं इंजिन ऑइल टाका, आठवड्याला एकदा ग्रीस मारा, चिप्स हवेनं उडवा, हेडस्टॉकच्या काचेत तेल दिसतंय तोवर बदलू नका. मशीन पन्नास वर्षं चालेल.’ बेड म्हणजे लेथचा तो लांब पाया, ज्यावर हत्यार धरणारं सॅडल सरकतं; स्लाइडवे ऑइल त्यासाठीचं खास तेल, चिप्स म्हणजे कातताना निघणारा कीस, आणि हेडस्टॉक म्हणजे काम पकडणारा चक फिरवणारा गियरचा डबा. माझा भाचा तिथंच एका शॉपमध्ये लेथवर आहे. तोही बेडवर काळं ऑइल ओतायला लागला. विचारलं तर म्हणतो, “मामा, सगळेच तसंच करालेत की.” सगळे करतात म्हणून ते बरोबर ठरत नाही.

इंजिनमधून काढलेल्या तेलात काजळी असते, आम्ल असतं, रिंगा आणि बेअरिंगं झिजून आलेले धातूचे कण असतात. घासू नये म्हणून जे टाकायचं, त्यातच घासणारा माल. त्यात आपल्याकडं बरंचसं काम बिडाच्या कास्टिंगचं आणि टर्निंग कोरडं. फेटलिंग, म्हणजे कास्टिंगची साफसफाई, नीट झालं नसेल तर कास्टिंगला मोल्डिंगची वाळूही चिकटलेली असते. बिडाची भुकटी आणि वाळू त्या काळ्या तेलात कालवली की सॅडलखाली लॅपिंग पेस्टच, म्हणजे धातू घासून काढणारा लेपच, तयार होते. सॅडल दिवसभर चकजवळ फिरतं, म्हणून बेड तिथंच जास्त झिजतो. मग तिथल्या मापानं जिब (सॅडलचा ढिलेपणा काढायची पट्टी) आवळली की टेलस्टॉककडं, म्हणजे बेडच्या दुसऱ्या टोकाकडं, जाताना सॅडल अडकतं, आणि ढिली ठेवली की चकजवळ खेळतं. लांब शाफ्टला माप मिळत नाही आणि शिव्या ऑपरेटरला बसतात. बेड ग्राइंड करून घ्यायला किती लागतात ते एकदा विचारा, मग तेलाच्या डब्याची किंमत बोला.

मला जास्त राग आहे तो हातांच्या बाबतीत. पोराच्या नखांच्या कडेला काळी रेघ बसलीय, तळहाताची कातडी फुटलीय, आणि त्याच हातांनी तो दुपारी डबा उघडतो. वापरलेल्या इंजिन ऑइलमध्ये साठणाऱ्या पॉलिसायक्लिक संयुगांपैकी काही त्वचेच्या कॅन्सरला कारण ठरतात. केंद्र सरकारच्या २०१६ च्या घातक कचरा नियमांत पहिल्या अनुसूचीत ५.१ क्रमांकाला वापरलेलं तेल स्पष्ट लिहिलेलं आहे. कायद्यानं जो घातक कचरा, तो रोज मशीनवर ओतून उघड्या हातानं पुसायला पोरांना सांगायचं? ते तेल डब्यात साठवून परवाना असलेल्या रिसायकलरलाच द्यायचं असतं.

एक गोष्ट मान्य करावी लागेल. नवं, न वापरलेलं एसएई २० इंजिन ऑइल घट्टपणात व्हीजी ६८ या स्लाइडवे ऑइलच्या नेहमीच्या ग्रेडच्या जवळ जातं, म्हणजे ४० अंशाला साधारण ६८ सेंटिस्टोक्स. अडल्या वेळी कोरडं चालवण्यापेक्षा ते बरं. पण त्यातलं डिटर्जंट घाण तरंगती ठेवतं. इंजिनला फिल्टर असतो म्हणून ते चालतं. साध्या लेथच्या हेडस्टॉकमध्ये फिरणारे गियरच तेल उडवतात, फिल्टर नसतो, तिथं घाण तळाशी बसलेलीच बरी. स्लाइडवे ऑइलला मुद्दाम चिकटपणा दिलेला असतो, त्यामुळं ते बेडवर टिकतं आणि सॅडल झटके न देता सरकतं. ही लूट नव्हे.

ग्रीस बेडवर कधीच नाही, सगळा कीस त्यात रुततो. सॅडलवरचे बॉल असलेले छोटे निपल बघून ग्रीस गन लावणारेही आहेत. बऱ्याच लेथवर ते तेलाचे असतात. एकदा ग्रीस घुसलं की आतली वाट बुजते आणि पुढं कितीही तेल मारा, खाली पोचत नाही. हवेचं म्हणाल तर ती भुकटी सॅडलच्या कडेला बेड पुसणाऱ्या वायपरखाली ढकलते, आणि डोळ्यातही. ब्रश घ्या. काचेत तेल दिसतं म्हणजे ते चांगलं आहे असं नाही. दुधाळ दिसलं तर पाणी किंवा कूलंट शिरलाय, लगेच बदला. एरवी मशीनच्या पुस्तकात दिलेल्या तासांप्रमाणं.

शिफ्ट सुरू करताना बेड पुसून तेल, सुटताना ब्रश मारून पुन्हा तेल. आपल्या पावसाळ्यात तर हे चुकवूच नका, उघड्या बेडवर एका रात्रीत तांबेरा येतो. वीस लिटरचा डबा परवडत नसेल तर शेजारच्या दोन शॉपनी मिळून घ्या.