‘लॅबवालेच असं लिहितात?’: सीए-१२५ वरच्या प्रतिक्रियेला उत्तर

ताई,

तुमची प्रतिक्रिया येऊन चार दिवस झाले. दोनदा उत्तर लिहायला बसलो आणि दोनदा खोडलं. तुम्ही नाव दिलेलं नाही, म्हणून ताई म्हणतो.

ज्यांनी मागचं वाचलं नाही त्यांच्यासाठी: फुल बॉडी चेकअपच्या पॅकेजमधल्या कॅन्सर मार्करवरच्या, म्हणजे रक्तातल्या कॅन्सरच्या खुणांवरच्या लेखात मी लिहिलं होतं की सीए-१२५ ही रक्तचाचणी करून घेणं म्हणजे पैसे देऊन काळजी विकत घेणं, निदानाला या चाचणीचा काडीचा उपयोग नाही. त्यावर ताईंनी लिहिलंय की त्यांच्या आईंचं पोट सात महिने फुगत होतं. दोन घास खाल्ले की पोट भरायचं आणि अ‍ॅसिडिटीच्या गोळ्या चालू होत्या. शेवटी ओव्हरीचा कॅन्सर निघाला, तिसरी स्टेज. तेव्हा सीए-१२५ होता १४००. ऑपरेशन आणि केमोनंतर तो १८ वर आला, आणि आता दर तीन महिन्यांनी डॉक्टर तोच आकडा बघतात. ‘मग काडीचा उपयोग नाही कसा? लॅबवालेच असं लिहितात? तुमचं वाचून कुणी चाचणी टाळली तर जबाबदार कोण? आणि इतकी वर्षं लॅबमध्ये काढून संशोधनाबद्दल इतके निराश कसे?’ जाता जाता त्यांनी हेही सांगितलंय की स्वतःसाठी आणि धाकट्या बहिणीसाठी त्यांनी तेच पॅकेज बुक केलंय.

आधी माझी चूक. ‘काडीचा उपयोग नाही’ हे वाक्य चुकीचं होतं, ते मी लेखातून काढलंय आणि काढल्याची नोंदही तिथे ठेवलीय. मी लिहीत होतो काहीही होत नसलेल्या बाईबद्दल, पण वाक्य लिहिलं सगळ्या बायकांबद्दल. ब्रिटनमध्ये २०११ पासून फॅमिली डॉक्टरांना सूचनाच आहे की पोट सतत फुगतंय, चटकन भरल्यासारखं वाटतंय, ओटीपोटात दुखतंय, लघवीला वारंवार जावं लागतंय, असं कुणी बाई सांगत असेल, त्यातही पन्नाशीपुढची, तर सीए-१२५ करा, आणि तो ३५ किंवा त्याहून जास्त आला तर सोनोग्राफी. तुमच्या आईंची तक्रार तंतोतंत या यादीतली होती. त्या सात महिन्यांत कुणी ही चाचणी लिहून दिली असती तर ते बरोबरच ठरलं असतं. तिथे तुमचा राग योग्य आहे, आणि माझ्या वाक्याने त्यावर मीठ चोळलं याचं मला वाईट वाटतं.

पॅकेजबद्दल मात्र माझं मत बदललेलं नाही. का, ते जरा सविस्तर सांगतो.

ही ३५ ची रेघ आली कुठून? अमेरिकेतल्या बॉस्टनमध्ये रॉबर्ट बास्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८१ मध्ये ओव्हरीच्या कॅन्सरच्या पेशींना चिकटणारी एक अँटिबॉडी तयार केली. ती ज्या प्रथिनाला चिकटते ते रक्तात मोजता येतं, हे त्यांनी १९८३ मध्ये दाखवलं. ऑपरेशनने निदान पक्कं झालेल्या १०१ रुग्णांपैकी ८३ जणींमध्ये आकडा ३५ च्या वर होता. ८८८ निरोगी लोकांपैकी जेमतेम १ टक्क्यात. कॅन्सर नसलेल्या पण दुसरा काही आजार असलेल्या १४३ जणांत ६ टक्क्यांमध्ये. वाचताना वाटतं, वा, आणखी काय हवं?

आता हाच १ टक्का घेऊन गावात उतरा. पाश्चात्य देशांत पाळी गेलेल्या साधारण अडीच हजार बायकांमागे एकीला एका वेळी हा कॅन्सर असतो. आपल्याकडे प्रमाण त्याहून कमीच. अडीच हजारांचा १ टक्का म्हणजे २५. म्हणजे एका खऱ्या रुग्णामागे पंचवीस बायकांच्या रिपोर्टवर ठळक अक्षरात ‘हाय’ छापून येणार. आणि ती एक खरी तरी सापडेल का? पहिल्या स्टेजला, म्हणजे जेव्हा सापडून फायदा व्हायचा तेव्हा, निम्म्याच्या आसपास रुग्णांमध्ये हा आकडा वाढलेलाच नसतो.

तुमच्यासारख्या तिशीतल्या मुलींचं गणित तर आणखी बिघडतं. हे प्रथिन कॅन्सरच्या मालकीचं नाही. पोटाचं आतलं अस्तर, फुप्फुसाभोवतीचं आवरण, हृदयाभोवतीचं आवरण, सगळीकडे ते तयार होतं. ते अस्तर डिवचलं गेलं की आकडा चढतो. पाळीत चढतो, गरोदरपणाच्या पहिल्या तीन महिन्यांत चढतो, फायब्रॉइडमध्ये, एंडोमेट्रिओसिसमध्ये, लिव्हर खराब होऊन पोटात पाणी झालं तरी चढतो. आणि आपल्या देशात सगळ्यात जास्त घोटाळा करतो तो पोटाचा टीबी.

एक मुलगी आठवते, विशी-बाविशीची. पोटात पाणी, वजन उतरलेलं, सीए-१२५ सहाशेच्या पुढे. रिपोर्ट मीच तपासून सही करून दिला होता. आकडा बरोबर होता, मशीनचा कंट्रोल बरोबर होता. संध्याकाळी तिचा बाप काउंटरवर येऊन विचारू लागला, साहेब, किती दिवस आहेत? त्याला बाहेर कुणीतरी सांगितलं होतं की हा ‘कॅन्सरचा आकडा’ आहे. पुढे पोटातला तुकडा काढून तपासला, टीबी निघाला. औषधांचा कोर्स पूर्ण झाला आणि आकडा पंधराच्या खाली आला. त्या रिपोर्टमध्ये खोटं काहीच नव्हतं, तरी त्या माणसाने किती रात्री जागून काढल्या असतील.

तुमच्या आईंच्या बाबतीत हीच चाचणी नीट काम करते, कारण तिथे तुलना आईंच्याच जुन्या आकड्याशी होते. आजार कोणता ते पक्कं माहीत आहे, १४०० कधी होता ते माहीत आहे, म्हणून १८ ला अर्थ आहे. तरी एक सांगून ठेवतो, घाबरवण्यासाठी नव्हे. असाच उपचार संपलेल्या ५२९ रुग्णांवरचा एक अभ्यास २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. नुसता आकडा वाढल्याबरोबर केमो सुरू केलेल्या बायका, त्रास जाणवू लागल्यावर सुरू केलेल्यांपेक्षा जास्त जगल्या नाहीत. केमोचे दिवस तेवढे लवकर सुरू झाले. तेव्हा १८ चा २४ झाला म्हणून घरात सुतक पाळू नका. डॉक्टर दोन-तीन रिपोर्टची चाल बघतात, एकट्या आकड्यावर जात नाहीत.

आता तुमचा सगळ्यात अवघड प्रश्न: लवकर शोधलं तर वाचणारच ना? मलाही वर्षानुवर्षं असंच वाटायचं. ते तपासण्यासाठी ब्रिटनमध्ये २००१ ते २००५ या काळात ५० ते ७४ वयाच्या २,०२,६३८ बायका एका मोठ्या अभ्यासात घेतल्या गेल्या. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या उषा मेनन त्याच्या प्रमुखांपैकी. त्यांनी ३५ ची ढोबळ रेघ वापरलीच नाही; प्रत्येक बाईचा आकडा दर वर्षी स्वतःच्याच आधीच्या आकड्यांशी ताडून बघितला, म्हणजे तुमच्या आईंचे डॉक्टर करतात त्याच धाटणीने. २०२१ मध्ये अंतिम निकाल आला. रक्त तपासलेल्या गटात पहिल्या स्टेजचे कॅन्सर ४७ टक्क्यांनी जास्त सापडले, चौथ्या स्टेजचे सुमारे २५ टक्क्यांनी कमी. आणि या कॅन्सरने झालेले मृत्यू? तपासलेल्या गटात ०.६ टक्के, न तपासलेल्या गटातही ०.६ टक्के. आजार आधी कळला, शेवट तोच राहिला. या कॅन्सरचे जे प्रकार सर्वांत घातक, ते बहुधा रक्तात खूण पटवण्याआधीच पोटभर पसरलेले असतात. मी तो निकाल रात्री वाचला आणि दुसऱ्या दिवशी पॅकेजचे रिपोर्ट सही करताना हात जरा अडखळला. (हो, त्या पॅकेजांवर आमच्या लॅबनेही पैसे कमावलेत, माझा पगारही त्यातूनच झाला. ‘लॅबवालेच असं लिहितात?’ या तुमच्या प्रश्नाला एवढंच उत्तर आहे माझ्याकडे.)

नुसतं तपासून बघायला काय हरकत, असंही तुम्ही म्हणता. अमेरिकेतल्या तशाच मोठ्या अभ्यासात ३,२८५ बायकांना खोटा इशारा मिळाला. त्यातल्या १,०८० जणींचं ऑपरेशन झालं, आणि ऑपरेशन झालेल्यांपैकी १६३ जणींना गंभीर गुंतागुंत झाली. या सगळ्या कॅन्सर नसलेल्या बायका होत्या.

राहिली निराशा. मी निराश नाही हो. मी लॅबमध्ये लागलो तेव्हा हार्ट अ‍ॅटॅकसाठी एसजीओटी, एलडीएच, सीपीके या रक्तचाचण्या लावत बसायचो. एसजीओटी हृदयविकारात वाढतं हे १९५४ मध्ये न्यूयॉर्कमध्ये दाखवलं गेलं होतं. आज तुम्ही ते लिव्हरच्या रिपोर्टमध्ये बघता. लिव्हर बिघडलं तरी वाढतं, स्नायूला मार लागला तरी वाढतं. मग ट्रोपोनिन आलं. हृदयाच्या स्नायूतलं ट्रोपोनिन इतर स्नायूंतल्यापेक्षा वेगळ्या घडणीचं असतं, म्हणून ते वेगळं ओळखता येतं, आणि मोजतात ते छातीत दुखतंय म्हणून दवाखान्यात आलेल्या माणसाचं. एसजीओटी बिचारं हृदयाच्या कामातून निवृत्त झालं. असं संशोधन मला मनापासून आवडतं.

मला चीड येते ती पेपरच्या मथळ्यांची. २००२ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात एक निबंध आला: रक्तातल्या प्रथिनांचा मशीनवर उमटणारा नुसता नमुना बघून ओव्हरीचा कॅन्सर ओळखता येतो, ५० पैकी ५०, आणि कॅन्सर नसलेल्या ६६ पैकी ६३ बरोबर. तो वाचून आम्हीसुद्धा हुरळलो होतो. ह्यूस्टनमधल्या एम. डी. अँडरसन कॅन्सर हॉस्पिटलच्या संख्याशास्त्रज्ञांनी, कीथ बॅगर्ली आणि मंडळींनी, निबंध लिहिणाऱ्या गटाने उघड केलेली आकडेवारी उतरवून पुन्हा तपासली. जिथे प्रथिनाचा संबंधच नाही, मशीनची नुसती खरखर आहे, त्या भागावरूनही रुग्ण आणि निरोगी वेगळे ओळखता येत होते! म्हणजे फरक रक्तापेक्षा नमुने हाताळण्याचा आणि मशीनवर चालवण्याचा असावा. ती चाचणी बाजारात आलीच नाही.

हे वाचून लॅबमधला कुणीही मान डोलावेल. कॅम्पवरून रिक्षात तापत आलेली ट्यूब आणि वॉर्डमधून पाच मिनिटांत आलेली ट्यूब यांत मला कुठल्याही आजाराशिवाय डझनभर ‘मार्कर’ सापडतील. सॅम्पल हिमोलाइझ झालं, म्हणजे त्यातल्या लाल पेशी फुटल्या, की एलडीएच आणि पोटॅशियम चढलेच. रुग्णांचं रक्त एका तऱ्हेने जमवायचं, निरोगी लोकांचं दुसऱ्या तऱ्हेने, आणि फरक सापडला की आजाराची खूण मिळाली म्हणायचं, हे खूप वेळा झालंय. खरी परीक्षा आजार होण्याआधी घेऊन गोठवून ठेवलेल्या रक्तावर होते. अमेरिकेच्या त्याच मोठ्या अभ्यासातलं असं साठवलेलं रक्त काढून, गाजावाजा झालेली प्रथिनं त्यावर लावून बघितली गेली. पहिला नंबर कुणाचा आला? सीए-१२५ चाच, १९८१ च्या म्हाताऱ्याचा.

आता तुमच्या आणि बहिणीच्या बुकिंगचं. आईला ओव्हरीचा कॅन्सर झालाय म्हणजे तुम्ही दोघी अडीच हजारांतल्या कुणी एक नाही, हे मला कळतं. पण तुमच्यासाठी पहिला प्रश्न बीआरसीए जनुकांचा आहे (यांत बिघाड असला तर ओव्हरीच्या आणि स्तनाच्या कॅन्सरचा धोका वाढतो, आणि तो बिघाड आईकडून मुलीकडे येऊ शकतो), आणि ती तपासणी आधी आईंची व्हायला हवी. त्यांच्यात बदल सापडला तरच तुमची करण्यात अर्थ आहे. कदाचित झालीही असेल, आईंची फाइल एकदा चाळून बघा. नसेल झाली तर त्यांच्या कॅन्सरच्या डॉक्टरांना सरळ विचारा. मुंबईत टाटा मेमोरियलमध्ये आनुवंशिक कॅन्सरसाठी वेगळं क्लिनिक आहे. तिथे घरातल्या कुणाकुणाला काय झालं होतं ते विचारतात, तेव्हा मावशी, आत्या, दोन्हीकडच्या आज्या यांची माहिती कागदावर लिहून न्या. काय वयात झालं तेही.

पॅकेज रद्द करायचं की नाही ते तुम्ही दोघी ठरवा. केलंतच तर पाळीच्या दिवसांत रक्त देऊ नका. आणि आकडा ३८ वगैरे आला तर रात्री अकराला गूगल उघडू नका, आधी इथे लिहा.