कर्णाच्या नावाने सुडाची वकिली नको

गेल्या आठवड्यात माझ्या भाचीने एका स्थळाला नकार कळवला. मुलाला भेटून, नीट बोलून, मगच. दुसऱ्या दिवशी घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तिच्याच एका काकांनी लांबलचक मजकूर टाकला. वर शीर्षक 'मूळ व्यासभारतातील सत्य', खाली नातेवाइकांच्या जोडलेल्या हातांची रांग. मजकुराचा सारांश असा: स्वयंवरात कर्णाने धनुष्य सज्ज करून नेम धरला आणि तेवढ्यात द्रौपदी भर मंडपात म्हणाली, 'मी सूतपुत्राला वरणार नाही.' तो अपमान कर्णाच्या जिव्हारी लागला, म्हणून द्यूतसभेत तो जे बोलला ते 'दुखावलेल्या पुरुषाचं साहजिक उत्तर' होतं. मयसभेत तिनेच दुर्योधनाला 'आंधळ्याचा मुलगा आंधळा' म्हणून हिणवलं. कर्णाने आयुष्यात कुणाचं वाईट केलं नाही. आणि मनातून तिला कर्णच हवा होता. शेवटी ठळक अक्षरांत: 'मुलींनो, नकार देताना महाभारत आठवा.'

हा मजकूर याआधीही माझ्यापर्यंत आला होता आणि मी तो सोडून दिला होता. या वेळी तो एका मुलीला धमकावण्यासाठी टाकला गेला. म्हणून एकेक मुद्दा घेते.

आधी ते गाजलेलं वाक्य. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ मध्ये महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचं, म्हणजे हस्तलिखितं एकमेकांशी ताडून जुन्यात जुना पाठ ठरवण्याचं काम हाती घेतलं आणि ते १९६६ मध्ये पूर्ण झालं. काश्मीरपासून केरळपर्यंतची, वेगवेगळ्या लिप्यांतली १२५९ हस्तलिखितं त्यासाठी जमवली गेली. आदिपर्वाचं संपादन वि. स. सुखटणकरांनी केलं. 'मूळ' हा शब्द ज्याला वापरायचा असेल त्याला या आवृत्तीकडे जावंच लागतं, आणि तिच्या मुख्य संहितेत द्रौपदीचं हे वाक्य नाही. ते तळटीपेत, नंतर शिरलेल्या मजकुरात आहे. मुख्य संहितेत द्रौपदी त्या मंडपात एक शब्दही बोलत नाही. पण तिचा भाऊ धृष्टद्युम्न बोलतो. जमलेल्या राजांची नावं तो तिला सांगतो, त्यात धृतराष्ट्रपुत्रांबरोबर कर्णाचंही नाव घेतो. म्हणजे कर्ण तिथे उमेदवार म्हणूनच उभा होता, त्याला कुणी दारात अडवलं नव्हतं. (पाण्यातल्या प्रतिबिंबात पाहून माशाचा डोळा फोडणंही त्या संहितेत नाही. तिथे आकाशात टांगलेलं यंत्र आहे, त्याच्या छिद्रातून पाच बाण मारून लक्ष्य भेदायचं आहे.)

हे वाक्य व्हॉट्सॲपवाल्यांनी रचलेलं नाही, एवढं मात्र मान्य करते. कोपरगावचे नीलकंठ चतुर्धर काशीत राहिले, सतराव्या शतकात त्यांनी महाभारतावर टीका, म्हणजे श्लोकांचं स्पष्टीकरण, लिहिली. त्यांच्या पाठात 'नाहं वरयामि सूतम्' स्पष्ट आहे, आणि तो पाठ पुढे छापला गेल्याने आपल्या आजोबा-पणजोबांनी वाचलेल्या बहुतेक प्रतींतही आहे. पण त्याच पाठात थोडं पुढे वाचा. ब्राह्मणांच्या गर्दीतून अर्जुन उठतो तेव्हा बाकीचे ब्राह्मण कुजबुजतात की कर्ण, शल्य यांच्यासारख्या नामांकित वीरांना जे धनुष्य वाकवता आलं नाही, ते हा पोरगा काय वाकवणार? कर्णाने धनुष्य आधीच सज्ज केलं असेल तर हे ब्राह्मण काय पाहत होते? दोन्ही गोष्टी एका वेळी खऱ्या असू शकत नाहीत. ब्राह्मणांचं बोलणं चिकित्सक आवृत्तीतही आहे, द्रौपदीचं वाक्य नाही.

गोव्यात तरी हे वाक्य लोक पोथीतून शिकलेले नाहीत. जत्रेच्या रात्री देवळासमोरच्या मंडपात आपण ते ऐकलं आहे. द्रौपदी हात वर करते, पेटीवाला सूर धरून ठेवतो, कर्ण धनुष्य खाली ठेवून वर सूर्याकडे पाहतो आणि मागे वाळूत बसलेली पोरंसुद्धा गप्प होतात. मला तो प्रवेश आजही आवडतो. महाभारत आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या असंच रंगवून सांगितलं गेलं. सोळाव्या शतकात गोव्यात या कथा कोंकणी गद्यातही सांगितल्या गेल्या, आणि रोमी लिपीत उतरवलेल्या त्या पोथ्या आज पोर्तुगालमधल्या ब्रागा शहरात आहेत. नाटककाराला, कीर्तनकाराला, कादंबरीकाराला ही मोकळीक हवीच. पण नाटकातलं वाक्य उचलायचं, वर 'मूळ व्यासभारत' लिहायचं आणि एका मुलीच्या तोंडावर मारायचं, ही मोकळीक कुणालाच नाही.

आता मुख्य मुद्दा. कर्णाने सभेत जे केलं तो स्वयंवराचा सूड होता, आणि म्हणून तो समजून घ्यावा, असं हा मजकूर म्हणतो.

कर्णाने काय केलं ते मजकुरात मोघम ठेवलं आहे, म्हणून मी लिहिते. सभापर्वाच्या एकसष्टाव्या अध्यायात दुर्योधनाचा सख्खा भाऊ विकर्ण उठून म्हणतो की द्रौपदी जिंकली गेलेली नाही. त्याला गप्प करायला कर्ण उठतो. एकवस्त्रा, रजस्वला स्त्री केसांना धरून ओढत आणलेली समोर उभी आहे, आणि कर्ण म्हणतो की देवांनी स्त्रीला एकच पती सांगितला आहे, हिला अनेक, तेव्हा ही 'बंधकी', म्हणजे वेश्या, ठरते. हिला एका वस्त्रात आणली काय किंवा विवस्त्र आणली काय, त्यात नवल नाही. मग दुःशासनाला सांगतो की पांडवांची वस्त्रं काढून घे आणि द्रौपदीचीही. वस्त्रहरणाची आज्ञा कर्णाच्या तोंडची आहे. काकांच्या मजकुरात हे एक वाक्य नाही.

कर्णाचं ते सगळं भाषण वाचा. त्यात स्वयंवराचा उल्लेखच नाही. ज्या अपमानाने हा माणूस वर्षानुवर्षं जळत होता म्हणतात, तो अपमान करणारी बाई समोर असहाय उभी असताना त्याला आठवत नाही? तो पणाचा मुद्दा मांडतो, तिच्या पाच पतींचा मांडतो, विकर्णाला बालिश ठरवतो. 'तू मला नाकारलंस' असं म्हणत नाही.

यापुढे कर्णाचीच साक्ष आहे. उद्योगपर्वाच्या एकशे एकोणचाळिसाव्या अध्यायात, युद्ध टळत नाही हे दिसल्यावर, कर्ण कृष्णाजवळ मन मोकळं करतो: 'यदब्रुवमहं कृष्ण कटुकानि स्म पाण्डवान् । प्रियार्थं धार्तराष्ट्रस्य तेन तप्येऽद्य कर्मणा ॥' पांडवांना मी जे कडू शब्द बोललो ते दुर्योधनाला बरं वाटावं म्हणून बोललो, आणि त्या कृत्याचा आज मला पश्चात्ताप होतो. कारण त्याने स्वतः सांगितलं, मित्राची मर्जी. चूकही स्वतःच कबूल केली. ज्या गोष्टीची खुद्द कर्णाला लाज वाटली, तिचं समर्थन त्याचे कैवारी म्हणवणारे आज करत आहेत. कर्णाबद्दल ज्याला खरं प्रेम आहे त्याने हा श्लोक पाठ करावा.

आणि त्या मंडपात सूड नव्हताच असंही नाही. अर्जुनाने लक्ष्य भेदलं, द्रौपदी शुभ्र वरमाला घेऊन हसतमुखाने त्याच्याकडे गेली आणि राजे खवळले. अर्जुन तेव्हा ब्राह्मणवेषात होता. राजांचं म्हणणं असं की स्वयंवर क्षत्रियांचं, ब्राह्मणाचा त्यात अधिकार नाही, द्रुपदाने आम्हाला बोलावून आमचा अपमान केला, त्याला मुलासकट मारून टाका. आणि मुलीचं काय? आमच्यापैकी कुणी हिला नको असेल तर 'अग्नावेनां परिक्षिप्य', हिला आगीत टाकून आपापल्या राज्यांना परत जाऊ. त्या ब्राह्मणाला मात्र मारायचं नाही, तो अवध्य. जिंकणारा सुटला, बोलावणारा बाप दोषी, आणि जिने फक्त माळ हातात घेतली ती आगीत. व्यासांनी हे राजांच्या तोंडी घातलं आहे आणि त्या राजांना लगेच मार खायला लावला आहे. भीमाने झाड उपटलं, शल्याला उचलून आपटलं. कर्ण अर्जुनावर चालून गेला, त्याचं शौर्य पाहून थक्क झाला, तू कोण आहेस असं विचारलं आणि ब्राह्मतेज जिंकता येणार नाही म्हणून मागे फिरला. शेवटी ही कन्या धर्माने जिंकली आहे असं सांगत कृष्णाने सगळ्यांना आवरलं.

म्हणजे कुळ-जातीवरून कुणी हिणवलं जाणं, आणि त्याचा सूड मुलीवर उगवू पाहणं, या दोन्ही गोष्टी स्वयंवरात आहेत. पण हिणवला जाणारा तिथे अर्जुन आहे आणि सूड मागणारे नकार पचवू न शकलेले राजे आहेत. 'नकार देताना महाभारत आठवा' म्हणणाऱ्यांनी कुणाच्या रांगेत उभं राहायचं ठरवलं आहे ते त्यांनी स्वतः पाहावं. आमच्या गोव्यात तर लग्नाच्या नोंदणीला मुलीने स्वतः जाऊन सही करावी लागते. पहिली सही झाली तरी मध्ये मुदत असते, आणि दुसरी सही होईपर्यंत लग्न पक्कं होत नाही. कायद्याने जे तिच्या हातात ठेवलं आहे ते घरच्या ग्रुपवर काढून घ्यायचं?

कर्णाला जन्मावरून सोसावं लागलं, हे खरं आहे. ते सांगायला खोट्या वाक्याची गरज नाही. राजपुत्र शस्त्रकौशल्य दाखवत होते त्या रिंगणात कृपाचार्यांनी त्याला कुळ विचारलं आणि त्याची मान खाली गेली. त्याला वाढवणारा सारथी अधिरथ घामाघूम होऊन काठी टेकत आला, नुकत्याच झालेल्या राज्याभिषेकाने भिजलेलं मस्तक कर्णाने त्याच्या पायांवर ठेवलं, आणि भीम म्हणाला, तुझ्या कुळाला शोभेल असा चाबूक हातात घे. स्वयंवराच्या घोषणेतही धृष्टद्युम्न बळ आणि रूपाच्या बरोबरीने कुळाची अट घालतो. हा अन्याय आहेच. मला राग येतो तो यासाठी डोळे पुसणाऱ्यांचा. हेच लोक स्थळ आलं की फोटो बघण्याआधी विचारतात, गाव कुठलं, कुळदैवत कुठलं, कुठल्या देवळाचे महाजन? कृपाचार्यांचा प्रश्न तोच होता. कर्णाची बाजू घ्यायची तर तो प्रश्न विचारणं थांबवा. भाचीने नकार कुळ बघून दिलेला नाही. कशासाठी दिला ते तिचं तिला माहीत, आणि तिने ते ग्रुपवर सांगायचीही गरज नाही.

उरलेले मुद्दे पटकन. 'आंधळ्याचा मुलगा आंधळा' हे वाक्य संहितेत नाही. दुर्योधन पाण्यात पडला तेव्हा भीम आणि इतर हसले असं तिथे आहे. द्रौपदी स्त्रियांसह हसली, हे दुर्योधन नंतर बापाकडे केलेल्या तक्रारीत सांगतो. टोमणा तिथेही नाही.

कर्णाने कुणाचं वाईट केलं नाही? वनवासातल्या पांडवांना आपलं वैभव दाखवून खिजवायला चल, तुझ्या नटलेल्या बायका वल्कलं नेसलेल्या द्रौपदीला पाहू देत, असं दुर्योधनाला सुचवणारा कर्णच. अभिमन्यूचं धनुष्य तोडणाराही तोच. दानशूर होता, शब्दाचा पक्का होता आणि हेही त्याने केलं. महाभारतात कुणीच एका रंगात रंगवलेला नाही.

राहिली 'मनातून कर्णच हवा होता' ही गोष्ट. द्रौपदी कर्णाबद्दलची ओढ कबूल करते ती जांभळाची लोककथा आपण सगळ्यांनी ऐकली आहे, गोड आहे, पण ती लोककथा आहे. शिवाय एकाच मजकुरात द्रौपदी कर्णाला जातीवरून झिडकारतेही आणि मनातून त्याच्यासाठी झुरतेही. त्यातलं एक काहीतरी ठरवा. संहितेत याच्या जवळपास जाणारी एकच जागा आहे, आणि तिथेही द्रौपदीला कुणी विचारलेलं नाही. उद्योगपर्वातल्या त्याच भेटीत कृष्ण कर्णाला त्याचा जन्म सांगतो, राज्य देऊ करतो आणि म्हणतो की सहाव्या वेळी द्रौपदीही तुझ्याकडे येईल. कर्ण नको म्हणतो. राधेने मला दूध पाजलं, अधिरथाने मला मुलगा मानलं, दुर्योधनाच्या आधाराने मी जगलो, त्यांना सोडणार नाही, असं सांगतो. राज्य, भाऊ, द्रौपदी, सगळ्याला त्याने नकार दिला. कृष्णाने त्यासाठी त्याचा सूड घेतला नाही. बोलणं संपल्यावर कर्णाने कृष्णाला घट्ट मिठी मारली, कृष्णाच्या रथातून उतरला आणि आपल्या रथातून परत गेला.