ताई, त्या दुपारबद्दल

नमस्कार ताई,

आमच्या शेळ्या-कोंबड्यांच्या फार्मवर तुमचा रविवार वाया गेला, मुलगा रडत घरी गेला, याबद्दल मनापासून माफी मागतो. माझा आवाज चढला हे खरं आहे. लेकरावर चढायला नको होता.

पण "दीडशे रुपये घेऊन जनावरांना हातही लावू देत नाहीत, मालक उर्मट" असं फार्मच्या रिव्ह्यूत लिहून एक स्टार दिलात, ते फार लागलं. तुम्ही आलात तेव्हा पाऊण वाजला होता. मे महिन्यात आमचा फार्म बारा ते चार बंद असतो. फाटकावर लिहिलंय, फोनवरही सांगितलं होतं. त्या उन्हात शेळ्या सावलीला बसून रवंथ करतात, त्यांना आम्ही उठवत नाही. तरी मुलांना घेऊन इंदूरहून खंडवा रोडनं इथं सिमरोलपर्यंत आलात म्हणून बायकोनं फाटक उघडलं, आधी माठातलं पाणी दिलं. हे तुम्ही कुठंच लिहिलं नाहीत.

आणि मी ओरडलो ते हात लावला म्हणून नाही. मुलानं पोह्यांची पुडी गाभण शेळीपुढे धरली होती, सेंव-जिलेबीसकट. अर्धी तिनं संपवलीसुद्धा होती. आपलं इंदुरी माणसाचं सुख ते, पण शेळीचं पोट पाल्या-चाऱ्याचं. शिजवलेलं, गोड एकदम गेलं की आत आंबतं आणि पोट फुगतं. त्या रात्री तिची डावी कूस ढोलासारखी ताणली होती. डॉक्टरांनी फोनवर सांगितलं तसं गोडं तेल पाजलं, दोन वाजेपर्यंत आम्ही दोघं कूस चोळत बसलो. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून कळवलं नव्हतं.

कोंबड्या "काळ्या पडल्यात, आजारी आहेत" असंही लिहिलंत. ताई, त्या कडकनाथ जातीच्या आहेत. त्यांची कातडी काळी, मांसही काळंच. आपल्या मध्य प्रदेशातल्या झाबुआच्या कडकनाथच्या मांसाला २०१८ साली भौगोलिक मानांकन, म्हणजे त्या भागाची खास चीज म्हणून सरकारी मान्यता, मिळालंय.

गोठ्याच्या वासाचं म्हणाल तर तिकडे आणखी लक्ष देऊ. फाटकावरचा फलक मोठा करतोय, बाहेरचा खाऊ ठेवायला तिथंच सोय करू. आमचं घर याच तिकिटांवर चालतं, तुमचं वाचून दोन कुटुंबांनी येणं रद्द केलं.

शेळी परवा व्याली. दोन करडं आहेत, एकाचा कान पांढरा. सकाळी दहाच्या आत या, तिकीट घेणार नाही. चाऱ्याची जुडी मुलाच्या हातात मीच देईन.