‘मेश घ्या, वायर विसरा’ हा सल्ला बेळगावकडच्या जाड भिंतींना चालत नाही

बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर वायफायबद्दलचा एक मेसेज फिरतोय. त्याचा मजकूर थोडक्यात असा: रेंज सगळ्या घरात पोचत नसेल तर मेशचा, म्हणजे एकमेकांशी हवेतून बोलणाऱ्या वायफाय डब्यांचा, तीन डब्यांचा सेट घ्या. वायर ओढून अ‍ॅक्सेस पॉइंट (वायरीनं राउटरला जोडलेला वायफायचा डबा) लावणं हे ऑफिसांचं काम. मेशमध्ये प्रत्येक खोलीत पूर्ण स्पीड मिळतो. घरात फिरताना फोन आपोआप जवळचा डबा पकडतो, अ‍ॅक्सेस पॉइंटला ते जमत नाही. शिवाय वायरीसाठी भिंती फोडाव्या लागतात.

शहापूर-वडगावातली अरुंद पण खोल घरं आणि खानापूर भागातली जांभ्या दगडाची घरं यांच्यासाठी हा सल्ला चुकीचा आहे. लोक चांगले पैसे घालतात आणि मागच्या खोलीत पोरांचा ऑनलाइन क्लास तरीही अडकतो. म्हणून एकेक मुद्दा घेतो.

‘प्रत्येक खोलीत पूर्ण स्पीड.’ मेशचा पहिला डबा फायबरच्या मोडेमला वायरीनं जोडलेला असतो. दुसरा डबा त्याच्याकडून हवेतून डेटा घेतो आणि साध्या सेटमध्ये त्याच रेडिओवरून तुमच्या फोनला देतो. एका चॅनलवर एका वेळी एकालाच बोलता येतं, त्यामुळं तोच डेटा हवेतून दोनदा जातो आणि स्पीड साधारण निम्म्यावर येतो. तिसरा डबा दुसऱ्याकडून घेत असेल तर आणखी घट. महागड्या ट्राय-बँड सेटमध्ये डब्यांच्या आपसातल्या बोलण्यासाठी वेगळा रेडिओ असतो, त्यानं हे दुखणं बरंच कमी होतं. पण मधली भिंत तिथंच राहते. ५ गिगाहर्ट्झचा सिग्नल वेगवान असला तरी दगडी भिंतीत वायफायच्या दुसऱ्या, २.४ गिगाहर्ट्झच्या सिग्नलपेक्षा जास्त मरतो, आणि चांगले मेश सेट चालतात ते मुख्यतः ५ वरच. दीड फुटी भिंत सोप्याला आणि माजघराला एक, पुढं स्वयंपाकघराला दुसरी, असं असेल तर मागचा डबा पुढच्याकडून जे जेमतेम ऐकतो तेच पुढं वाटतो.

यात फसगत होते ती फोनवरच्या काड्यांमुळं. मागच्या डब्याजवळ बसलात की काड्या फुल्ल दिसतात, कारण त्या फोन आणि जवळचा डबा यांच्यातल्या सिग्नलच्या असतात. त्या डब्याला स्वतःला पुढून किती मिळतंय ते काड्या सांगत नाहीत. सेट घेतलेला असेल तर एक करा: मागच्या डब्याशेजारी उभं राहून स्पीड टेस्ट घ्या, मग पुढच्या डब्याशेजारी घ्या. दोन आकड्यांतला फरक म्हणजे मधल्या हवेतल्या प्रवासाचा खर्च.

‘फोन आपोआप बदलतो, अ‍ॅक्सेस पॉइंटला जमत नाही.’ हे सरळ चूक आहे. एक सोडून दुसरा कधी पकडायचा हे मुख्यतः फोन ठरवतो. आयफोन सिग्नल उणे ७० डीबीएमच्या (सिग्नलच्या ताकदीचं माप) खाली गेल्यावर दुसरा शोधायला लागतो, हे अ‍ॅपलनंच सांगितलेलं आहे. डबा फार तर सुचवू शकतो आणि बदल पटकन व्हावा म्हणून मदत करू शकतो. त्यासाठीची ८०२.११ के, व्ही आणि आर ही मानकं अ‍ॅक्सेस पॉइंटमध्येही मिळतात. सगळ्यांना एकच नाव, एकच पासवर्ड आणि एकच सुरक्षा प्रकार द्या, २.४ वर शेजारी-शेजारी १, ६, ११ असे वेगळे चॅनल ठेवा. बोलता बोलता माडीवर गेलात तर क्षणभर आवाज तुटेल, पण ते मेशमध्येही होतं.

‘भिंती फोडाव्या लागतात.’ आपल्याकडच्या बहुतेक घरांत पूर्वी डिशची नाहीतर केबल टीव्हीची वायर गच्चीवरून खाली आलेली आहे, तिची भोकं अजून आहेत. नेटवर्कची वायर त्याच वाटेनं येते. बाहेरून नेताना उन्हापावसात टिकणारी आउटडोअर वायर घ्या आणि भोकात शिरण्याआधी तिला खाली झोळ द्या, म्हणजे पाणी वायरीवरून घरात न येता तिथूनच गळून जातं. जांबोटी-कणकुंबीकडच्या पावसात हा झोळ नसला तर ओल थेट भिंतीत उतरते. घरातून नेताना कॅपिंग पट्टी लावा, विजेच्या वायरीच्या पाइपात मात्र ही वायर घालू नका. कॅट ५ई किंवा कॅट ६ वायर १०० मीटरपर्यंत गिगाबिट, म्हणजे १००० एमबीपीएस, देते, आणि १०० मीटर लांबीचं घर काही कुणाचं नसतं.

वायर घेताना दुकानात ब्लेडनं आतली एक तार खरवडून बघा. आत पांढरट चांदीसारखा रंग दिसला तर ते तांब्याचा मुलामा दिलेलं अ‍ॅल्युमिनियम आहे, घेऊ नका. टोकाला आठही तारा बसवून घ्या. काही जण चारच बसवून जातात, इंटरनेट सुरू होतं म्हणून कुणाला कळत नाही, आणि जोडणी कायम १०० एमबीपीएसवर अडकून बसते.

खर्चाचं म्हणाल तर कपाटात पडलेला जुना राउटर अ‍ॅक्सेस पॉइंट म्हणून चालतो. त्याचं डीएचसीपी (उपकरणांना आयपी पत्ते वाटण्याचं काम) बंद करा, आयपी पत्ता मुख्य राउटरपेक्षा वेगळा पण त्याच मालिकेतला द्या, आणि वायर त्याच्या वॅन (इंटरनेटच्या) नव्हे, लॅन पोर्टात घाला.

मेश वाईट नाही. भाड्याचं घर, मालक एक खिळा मारू देत नाही, विटांच्या पातळ भिंती आहेत, तिथं मेशच घ्या. बरेच मेश सेट मागून वायर जोडू देतात, तशी जोडली तर वरचा स्पीडचा आक्षेपच उरत नाही. आधीच सेट घेऊन बसलेल्यांनी तो विकू नये, वायर ओढावी.

मेसेजमध्ये विजेचा विषयच नाही, आणि आपल्याकडं तो सगळ्यात मोठा. घरोघरी इन्व्हर्टरवर दिवे-पंखे असतात, खोलीतला प्लग पॉइंट बहुधा नसतो. करंट गेला की मधला डबा बंद, आणि त्याच्या मागचे सगळे आंधळे. पीओई अ‍ॅक्सेस पॉइंटला वीज नेटवर्कच्याच वायरीतून जाते, त्यामुळं मोडेम, राउटर आणि पीओई स्विच एका छोट्या यूपीएसवर ठेवला की माडीपर्यंत वायफाय चालू राहतं.

फक्त घर आणि शेतातली खोली किंवा गोठा अशा दोन वेगळ्या इमारतींमध्ये तांब्याची वायर टाकू नका. वळवाच्या पावसात जवळ वीज पडली तर त्या वायरीतून दोन्हीकडची उपकरणं जातात. तिथं फायबर टाका आणि दोन टोकांना मीडिया कन्व्हर्टर (फायबर नेटवर्कच्या वायरीला जोडणारा डबा) लावा.