कोयीतला भुंगा इंजेक्शनने येत नाही

आमच्या पंचवटीतल्या सोसायटीच्या ग्रुपवर तो मेसेज पुन्हा आलाय: 'आंब्याला बाहेरून भोक नाही, तरी कोयीत जिवंत भुंगा! म्हणजे इंजेक्शन. खाल्लात तर विषबाधा. लासलगावला किरण मारतात तेही हे झाकायलाच. किडक्या कोयी झाडाखाली टाका, खत होईल.' शेजारच्या काकूंनी तो वाचून अख्खी पेटी घंटागाडीत दिली. फार वाईट वाटलं.

भोक नसतं, हे खरंय. भोक पडलं तेव्हा ती गोटीएवढी कैरी होती. मादी सोंडेने सालीवर होडीसारखी खाच करते, तीत एक अंडं घालते आणि लगतच चंद्रकोरीसारखा छेद घेते. त्यातला चीक अंड्यावर वाळून झाकण होतं. आठवडाभरात अळी निघते आणि गरातून कोयीत शिरते. बाठा अजून मऊच असतो. पुढे कैरी वाढते, वाट भरून येते, बाठा टणक होतो. आत अळी बी खात, कात टाकत वाढते. तिथेच कोष, तिथेच भुंगा.

परवा नीलमच्या दोन कोयी विळीवर फोडल्या. एकीत दळं काळी पडून भुगा झालेली आणि त्यात पांढरी, वाकडी, बिनपायांची अळी, डोकं तपकिरी. दुसरीत काळपट करडा भुंगा, जेमतेम पाऊण सेंटिमीटर. काडी लावली तर सोंड नि पाय पोटाशी घेऊन मेल्यासारखा पडून राहिला. एकाच पेटीत अळीही आणि भुंगाही. हे कुठल्या सुईतून येणार?

हा भुंगा विषारी नाही. गर चांगला असेल तर खुशाल खा. गरातच अळ्या वळवळत असतील तर ती फळमाशी. ते फळ टाका. कार्बाइडने आंबा पिकवायला बंदीच आहे, तक्रार जरूर करा, पण त्याने किडा जन्मत नाही.

लासलगावचं 'कृषक' हे शेतमालाला किरण देणारं केंद्र भाभा अणुसंशोधन केंद्राचं. २००७ पासून अमेरिकेला जाणाऱ्या आंब्याला तिथे गॅमा किरणांची किमान ४०० ग्रे (ग्रे म्हणजे किरणांच्या मात्रेचं एकक) मात्रा देतात. कोयीतल्या किडीपर्यंत धुणं पोचत नाही, गॅमा किरण पोचतात, आणि तिची पुढची पैदास थांबते. आंबा किरणोत्सारी होत नाही.

सगळ्यात घातक तो खताचा सल्ला. कोय पोखरून भुंगा बाहेर येतो, खोडाच्या सालीच्या फटीत दडतो आणि पुढच्या मोहोरानंतर नव्या कैरीवर चढतो. वर्षाला एकच पिढी, म्हणून याच वेळी ती तोडता येते. पेठ-सुरगाण्याकडे ज्यांची झाडं आहेत, त्यांनी गळलेली फळं आणि कोयी वेचून जाळाव्यात.