आईची इच्छाशक्ती आणि फुटपाथची उंची

गेल्या आठवड्यात आईने सकाळचं चालणं बंद केलं. का, म्हणून विचारलं तर तिने फोन पुढे केला. ‘एका निवृत्त डॉक्टरांचा कळकळीचा सल्ला. प्रत्येक ग्रुपवर पाठवा.’ डॉक्टरांना नाव नाही, गाव नाही. आईला तो मामाने पाठवला, मामाला त्याच्या हास्यक्लबातून आला. दोन दिवसांनी तोच आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर उगवला आणि कमिटीतल्या एका काकांनी खाली लिहिलं, ‘म्हणूनच म्हणतो, बागेची जागा पार्किंगला देऊन टाका.’ तोवर मी गप्प होते.

ज्यांच्यापर्यंत तो अजून पोचलेला नाही अशा भाग्यवंतांसाठी सारांश: पहाटे झाडांखाली चालू नका, झाडं रात्रभर विषारी वायू सोडतात. रोज दहा हजार पावलं होत नसतील तर चालून उपयोग शून्य. बागा, फुटपाथ हे परदेशी चोचले. आपल्या आज्या कुठे बागेत जायच्या? बागेजवळची माणसं निरोगी असतात कारण ती श्रीमंत असतात. आणि शेवटी ठळक अक्षरात: ‘व्यायाम ही इच्छाशक्तीची गोष्ट आहे, जागेची नाही. ज्याला करायचा तो गॅलरीतही करतो.’

विषारी झाडांपासून सुरुवात करते, ते लवकर संपेल. झाडं रात्री श्वसन करतात आणि थोडा कार्बन डायऑक्साइड सोडतात, हे खरं. माणूसही सोडतो, दिवसाला साधारण एक किलो. बंद खोलीत शेजारी घोरणारा नवरा उघड्यावरच्या गुलमोहरापेक्षा कितीतरी घातक ठरेल, पण नवऱ्याला रात्री जिन्यात झोपवा असा फॉरवर्ड अजून मला आलेला नाही. उघड्या हवेत तो वायू कुठल्या कुठे पसरतो, आणि उजाडलं की पानं कामाला लागतातच. याच संदेशात पुढे ‘पिंपळ मात्र चोवीस तास ऑक्सिजन देतो’ असंही आहे. देत नाही. प्रकाशाशिवाय कुठलंच झाड ते करू शकत नाही, मग ते कितीही पवित्र असो.

यात एक अर्धं सत्य लपलंय, ते नाइलाजाने मान्य करते. डिसेंबर-जानेवारीत पुण्यात पहाटेची हवा खरंच वाईट असते. थंड हवेचा थर खाली बसतो, धूर आणि धूळ त्यात अडकते, त्यात कोपऱ्यावर कोणीतरी पालापाचोळा पेटवलेला असतो. तेव्हा साडेपाचऐवजी आठला निघावं. पण हा दोष धुराचा. झाडांवर कशाला?

दहा हजार पावलांचं तर आणखी सोपं आहे. 1965 साली जपानमध्ये एक पावलं मोजायचं यंत्र विकायला आलं, त्याच्या नावाचा अर्थच ‘दहा हजार पावलांचं मीटर’. तो आकडा प्रयोगशाळेतून आलेला नाही, दुकानातून आलाय. 2019 साली अमेरिकेत सरासरी 72 वर्षांच्या सोळा हजारांवर बायकांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. दिवसाला 2700 पावलं चालणाऱ्यांपेक्षा 4400 चालणाऱ्या गटात मृत्यूचं प्रमाण 41 टक्क्यांनी कमी दिसलं, आणि साडेसात हजारांच्या पुढे फायदा फारसा वाढला नाही. आई 71 वर्षांची आहे आणि चार हजारांच्या आसपास चालायची. ‘शून्य उपयोग’ वाचून तिने तेही सोडलं. नऊ वर्षांची शुगर आहे तिला.

आता इच्छाशक्ती. माझा खरा राग इथे आहे.

चार वर्षांपूर्वीपर्यंत आई नारायण पेठेत राहायची. मंडईतून भाजी, ओंकारेश्वर, वाचनालय, पिठाची गिरणी, दोन गल्ल्या सोडून मैत्रीण. दिवसाला तीन-चार चकरा व्हायच्या, आणि त्याला व्यायाम म्हणायचं तिच्या डोक्यातही नव्हतं. वाडा पाडायला निघाला म्हणून ती माझ्याकडे, गावाबाहेरच्या नव्या सोसायटीत आली. इथे कोथिंबिरीची जुडी आणायलाही स्कूटर काढावी लागते. बाई तीच आणि गुडघेही तेच, तरी चालणं निम्म्यावर आलं. तिची इच्छाशक्ती काय सामान हलवताना टेम्पोत राहिली?

महापालिकेची बाग आमच्या गेटपासून सहाशे मीटरवर आहे. रविवारी शिवणाची टेप घेऊन मी आईबरोबर तिथवर गेले. एवढ्या अंतरात तिला अकरा वेळा फुटपाथवरून खाली उतरावं लागलं: विजेच्या डीपीचा खोका, उचकटलेले ब्लॉक, अर्धवट झाकलेलं चेंबर, वडापावची गाडी, लावलेल्या दुचाक्या आणि दोन चालत्या दुचाक्याही. रस्ते कसे असावेत हे ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेसची मार्गदर्शक तत्त्वं सांगतात की फुटपाथ 15 सेंटिमीटरपेक्षा उंच नसावा आणि चालायला किमान 1.8 मीटर मोकळी रुंदी असावी. मी मोजलेली उंची एका ठिकाणी 34 सेंटिमीटर भरली. एवढी पायरी घरात असती तर आपण सुताराला हाकलून दिला असता. आई दर वेळी माझा खांदा धरून उतरत होती. एकटी असती तर तिसऱ्या उतारालाच परत फिरली असती, आणि गॅलरीतल्या इच्छाशक्तीवाल्यांनी तिला आळशी म्हटलं असतं.

हे एकट्या आईचं रडगाणं वाटत असेल तर ‘द लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात 2016 साली आलेला अभ्यास पाहा. दहा देशांतली 14 शहरं, 6822 प्रौढ माणसं. ‘तुम्ही किती चालता हो?’ असं विचारून सोडलं नाही. कमरेला यंत्र बांधून हालचाल मोजली. वस्तीची दाटी, चौकांची संख्या, जवळचे बस-रेल्वे थांबे आणि चालत जाण्याजोग्या बागा, या बाबतीत सर्वांत सोयीच्या वस्तीतली माणसं सर्वांत गैरसोयीच्या वस्तीतल्या माणसांपेक्षा आठवड्याला 68 ते 89 मिनिटं जास्त हालचाल करत होती. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला किमान 150 मिनिटं सांगते. म्हणजे जवळपास निम्मा कोटा पत्त्यावर ठरतो.

त्या यादीत दाटी आहे, हे नीट वाचा. ‘मोकळ्या हवेतली टाऊनशिप’ म्हणून जे विकलं जातं ते नव्हे. पेठांमध्ये बागा कमी आणि फुटपाथ बोटभर, पण दर पन्नास पावलांवर गल्ली आणि दर गल्लीत काही ना काही काम. आज्या बागेत का जात नव्हत्या याचं उत्तर हेच. पाणी, जातं, बाजार, देऊळ, सगळं पायावर आणि हातावर होतं. आजीचा दाखला देऊन हा संदेश स्वतःच्याच पायावर धोंडा मारून घेतो.

त्या 14 शहरांत भारतातलं एकही नाही, हेही सांगते, म्हणजे मामा ते शोधून काढायच्या आत सांगितलेलं बरं. पण आपला आकडा वेगळा उपलब्ध आहे. 2024 मध्ये आलेल्या एका जागतिक अंदाजानुसार पुरेशी हालचाल न करणाऱ्या भारतीय प्रौढांचं प्रमाण 2000 साली 22 टक्के होतं, 2022 साली 49 टक्के झालं. त्यातही बायका 57 टक्के, पुरुष 42. बावीस वर्षांत अख्ख्या देशाची इच्छाशक्ती गळाली, आणि बायकांची जरा जास्तच? की अंधारा रस्ता, बसायला बाक नाही, वाटेत स्वच्छतागृह नाही आणि बाग दुपारभर कुलपात, म्हणजे घरातल्या कामांतून बाईला जो एक तास मिळतो नेमका तेव्हाच बंद?

श्रीमंतीचा मुद्दा पूर्ण खोटा नाही. ज्यांना चालायची आवड आणि ऐपत असते ते तशा वस्तीत घर घेतात, आणि वरच्या अभ्यासातूनही हा घोळ पूर्ण सुटत नाही. पण अमेरिकेतल्या फिलाडेल्फिया शहरात संशोधकांनी 541 पडीक भूखंड घेऊन चिठ्ठ्या टाकाव्यात तसं ठरवलं, कुठे साफसफाई करून गवत-झाडं लावायची आणि कुठे काही करायचं नाही. माणसं होती तिथेच राहिली, फक्त जागा बदलली. हिरवळ झालेल्या भूखंडांजवळ राहणाऱ्यांत उदास वाटतं असं सांगणाऱ्यांचं प्रमाण, काहीच न केलेल्या जागांच्या तुलनेत, 41 टक्क्यांनी घटलं. ते मनाबद्दल आहे, पावलांबद्दल नाही, मान्य. पण तिथे कोणी श्रीमंत झालं नव्हतं.

राहता राहिले पार्किंगवाले काका. मोठ्या भूखंडावर, म्हणजे 4000 चौरस मीटर आणि त्यापुढे, दहा टक्के जागा मोकळी सोडणं राज्याच्या विकास नियंत्रण नियमावलीनुसार सक्तीचं आहे. सोसायटीतली ती बाग बिल्डरची मेहेरबानी नाही आणि कमिटीची मालमत्ताही नाही. त्यातल्या झाडांना हात लावायचा तर 1975 च्या वृक्ष कायद्याखाली परवानगी लागते. ‘झाडं विषारी वायू सोडतात’ हे कारण त्या अर्जात लिहून बघाच, काका. प्रत मलाही पाठवा.

सभा पुढच्या रविवारी आहे. मी नियमावलीचं पान छापून नेणार आहे. आई म्हणाली, तीही येईल, पण खुर्ची बरोबर घेऊन, कारण बागेतल्या एकुलत्या बाकाची फळी गणपतीपासून तुटलेली आहे.